बाकापासून कोपऱ्यापर्यंत

३ मार्च

प्रिय ताई,

मोडलं. तिसऱ्या बैठकीत मोडलं, आणि कशावरून मोडलं ते ऐकलंत तर हसावं की रडावं तेच कळणार नाही तुम्हाला. घराचं ठरलं होतं. खारूच्या सुट्ट्यांचं ठरलं होतं. सोमवार ते गुरुवार पोरगी माझ्याकडे आणि बाकीचे दिवस तुमच्या भावाकडे, हेसुद्धा त्याने मान खाली घालून कबूल केलं होतं. मध्यस्थबाईंनी टोपण काढून पेन पुढे केलं. तेवढ्यात हा म्हणतो, "शाळेच्या फॉर्मचं राहिलं."

म्हणजे तो फॉर्म हो, मुलीला काही झालं तर फोन कुणाला करायचा तो. त्यात दोन चौकोन असतात, एक आणि दोन. आजवर एकमध्ये माझा नंबर आहे. ह्याला तिथे स्वतःचा हवा. मी म्हटलं, अरे, तू दिवसभर लोकांना गाडी शिकवत फिरतोस, तुझा फोन बंद असतो. तर म्हणाला, "दोन नंबरचा बाप मी होणार नाही." मी म्हटलं, "मग दोन नंबरची आई मीही होणार नाही." झालं! दीड तास त्या चौकोनावर. मध्यस्थबाई म्हणाल्या, एक वर्ष ह्यांचा घाला, एक वर्ष तुमचा. आम्ही दोघंही एकदम "नाही" म्हणालो. अकरा वर्षांच्या संसारात एका सुरात बोललो ते तेवढंच. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

आता फॅमिली कोर्ट. आणि तिथे म्हणे कबूल केलेलं सगळं पुसलं जातं, पाटी कोरी. त्याच्या वकिलांनी लगेच पूर्ण ताबा मागितलाय. तो मिळाला तर मला महिन्यातून दोन रविवार. आठ वर्षं वाढवलेल्या पोरीचे दोन रविवार!

फोनवर का नाही लिहिलं विचाराल, तर वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी दम भरलाय. मेसेज म्हणून एक अक्षर पाठवायचं नाही, लोक ते छापून कोर्टात लावतात. म्हणून हा कागद. कागद निदान फाडता तरी येतो.

बाकी लेकीचे प्रताप सांगते. परवा शाळेला सुट्टी म्हणून तिला लॅबमध्ये नेलं. मी मेणात दात बसवत होते, तेवढ्यात हिने पाच पेशंटच्या साच्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. एका आजोबांच्या तोंडात आजीबाईंची कवळी जायची वेळ आली होती. आमचे मालक लालबुंद. मी ओरडले तर म्हणते, "दात दातच असतात ना?" कुणी फुकट मागितली तर देऊन टाकीन ही पोरगी, वर एक कवळी भेट.

ताई, एक मागू? वकीलबाई म्हणतात, नवऱ्याच्या घरातल्याच कुणी माझ्या बाजूने चार शब्द लिहून दिले तर कोर्टात फार वजन पडतं. खारू झाली तेव्हा तुम्ही दोन महिने माझ्याजवळ होतात. मी कशी आई आहे ते तुम्ही बघितलंय. तुमचा तो भाऊ आहे, कळतं मला. तरी विचारते.

तुमची,
दंतोपंत

१० मार्च

लाडके दंतोपंत,

कवळ्या करणारीला मी दुसरं काय म्हणू? लग्नात ठेवलेलं नाव आहे, कोर्टाने सांगितलं तरी बदलायची नाही मी.

खळ लागलेल्या हातानेच लिहितेय, कागदाला बोटं उठली तर माफ कर. कॉलेजच्या लायब्ररीची तीनशे पुस्तकं आलीत बांधायला, पाठी उसवलेल्या, पानं सुटलेली. दुकानात मी एकटी आणि एक कामाला येणारी बाई. पण तुझं पत्र आलं आणि सुई खाली ठेवली.

बाळ्या माझा भाऊ आहे हे खरं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मी सोळाची. त्याचं शेंबडं नाक मीच पुसलं. पण खरं ते खरं, तिथे भाऊ नाही नि बहीण नाही. चौकोनावरून घर मोडायचं म्हणजे काय, शाळकरी पोरं तरी बरी. मी लिहून देईन. जरूर देईन.

फक्त एक. कोर्टात मला उलटसुलट विचारतील. मी तोंडघशी पडले तर माझं लिहिलेलं काय कामाचं? तेव्हा मला सगळं माहीत असू दे. बाळ्या म्हणत होता, दुसऱ्या बैठकीत मध्यस्थबाईंनी तुला एकटीला अर्धा तास आत घेतलं आणि तू बाहेर आलीस ती डोळे सुजवून. काय झालं ग आत? काही बोलली का ती तुला? मनात ठेवून कुढू नकोस. मी इतक्या लांब, तुझं आहे कोण तिथे?

खारूचे पुढचे दोन दात अजून खारीसारखेच आहेत का? तिला म्हणावं, आत्याने तिच्यासाठी कोऱ्या पानांची वही शिवून ठेवलीय.

तुझी,
ताई

१७ मार्च

प्रिय ताई,

तुम्ही लिहून देणार! पत्र लॅबमध्येच उघडलं आणि मशीनच्या आवाजात कुणाला कळणार नाही म्हणून पोटभर रडून घेतलं. प्लास्टरच्या हाताने डोळे पुसले, मग तासभर डोळे धुवत बसले. असली मी शहाणी.

आतलं मात्र विचारू नका. तिथे नियम असतो. एकेकाला आत घेतात तेव्हा जे बोलणं होतं ते त्या खोलीतच राहतं. तशी सहीच घेतात सगळ्यांची. कोर्टात ते कुणाला काढता येत नाही, मध्यस्थबाईंना साक्षीला बोलावता येत नाही. म्हणून तर बोलले मी. त्यांनी विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. आठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. जाऊ द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुमच्या भावाची नवी तऱ्हा ऐका. शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक असतो ना, घरातही त्याने तसाच बसवलाय. मी खारूला पोहायला घातलं, ह्याने ब्रेक दाबला. मी तिला चष्म्याच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं, ह्याने ब्रेक दाबला. आता सगळं वकिलामार्फत. पहिली तारीख अठ्ठावीस एप्रिलची लागलीय.

तुमची,
दंतोपंत

२५ मार्च

लाडके,

मूठ झाकलेली बरी, पण परक्यांपासून. मी परकी का?

मग मीच आधी सांगते, ऐक. बाळ्या पाच वर्षांचा होता. वडील कामावर. मला मैत्रिणीकडे जायचं होतं, तिच्याकडे नवा रेडिओ आला होता. मी बाळ्याला खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि गेले. येते अर्ध्या तासात म्हटलं आणि आले चार तासांनी. दार उघडलं तर पोरगं दाराला टेकून झोपलेलं, चड्डी ओली, दारावर नखांचे ओरखडे. वडिलांना मी सांगितलं उंदराने कुरतडलं. बाळ्याला तर आठवतही नाही. आजवर माझ्या नवऱ्यालासुद्धा हे सांगितलं नाही, तो गेला तरी नाही. आज तुला सांगितलं.

बघ, आभाळ कोसळलं का? आपण बायका अशाच. लेकराच्या नावाने एखादा दगड प्रत्येकीच्या पोटात असतो. तो काढून कुणाजवळ तरी ठेवावा लागतो, नाहीतर कोर्टात उभी राहशील आणि तोंड उघडताच तोच बाहेर येईल. ती मध्यस्थीण परकी असून तिला कळलं आणि मी मात्र अंधारात. मग मी काय लिहून देऊ, सांग?

वाचून झालं की पुठ्ठे कापायच्या मशीनखाली धरते तुझं पत्र. त्याच्या पात्याखालून काही वाचत नाही.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ताई,

तुमची कडीची गोष्ट वाचली आणि दोन दिवस मला तो दाराशी झोपलेला पोरगा दिसत राहिला. भांडण आहे माझं त्याच्याशी, तरी दिसत राहिला. तुम्ही एवढं सांगितलंत, मग मी कोण लागून गेले? सांगते. एका दमात वाचा आणि फाडा.

खारू चार महिन्यांची होती. तुम्ही परत गेल्याला दोन महिने झाले होते. तुमचा भाऊ सकाळी आठला गाडी घेऊन निघायचा तो दिवेलागणीला यायचा. मला झोप नव्हती. ती रडायची आणि मला काहीच वाटायचं नाही. राग नाही, माया नाही, काही नाही. शेजारच्यांचं बाळ रडतंय, गप्प करतील कुणीतरी, असं वाटायचं. सगळ्याजणी म्हणायच्या, माया आपोआप येते. मी वाट बघत होते.

त्या दिवशी तिला लस टोचायला घेऊन निघाले. भर दुपार. बस स्टॉपवर एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन बसलेली, बाकी कुणी नाही. मी खारूला दुपट्यासकट बाकावर ठेवलं. पर्स उघडायला ठेवलं, असं मी पुढे किती दिवस स्वतःला सांगत होते. पण पर्स मी उघडली नाही. मी उठले आणि चालायला लागले. रंगाचं दुकान गेलं, चावीवाला गेला, कोपरा आला. शंभरएक पावलं असतील. वळले असते तर ती दिसेनाशी झाली असती. आणि ताई, सगळ्यात वाईट ते पुढेच आहे. तेवढ्या वेळात मला बरं वाटत होतं. हात हलके झाले होते.

मग परत आले. म्हातारीने तिच्यावर पदराची सावली धरली होती. "अशी टाकून जातात का ग बाई," एवढंच म्हणाली. मी खारूला उचललं, लस टोचली, घरी आले. दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या, म्हणाल्या हा आजार आहे, बऱ्याच बाळंतिणींना होतो, बरा होतो. सहा महिने घेतल्या. तुमच्या भावाला सांगितलं, शक्तीच्या आहेत. आणि मग आली माया. उशिरा आली पण अशी आली की पोरगी शिंकली तरी माझा जीव वर येतो.

त्या चौकोनासाठी मी का भांडले ते कळलं ना आता? एकदा मी निघून जाणारी होते. आता तिला काही झालं तर सगळ्यांच्या आधी पोचणारी मीच असायला हवी. मध्यस्थबाईंना तेच सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही परत आलात, एवढंच लक्षात ठेवा."

सुटले बाई. आठ वर्षांनी पोटभर श्वास घेतला. तुम्ही नसतात तर मी काय केलं असतं?

तुमची,
दंतोपंत

११ एप्रिल

लाडके,

पत्र मिळालं. लगेच उत्तर दिलं नाही, राग मानू नकोस. तीन दिवस हातात ना सुई धरवली ना पेन. दुकानसुद्धा उघडलं नाही.

काळजी करू नकोस. पत्राचं मी बघितलं. अठ्ठावीसला कोर्टात मी येतेय. माझं म्हणणं मी तिथेच देईन.

खारूला जप.

ताई

६ मे

ताई,

आज तुम्हाला "तू" म्हणून लिहायचं ठरवून बसले होते. पहिले दोन कागद तसेच लिहून फाडले. जीभ वळत नाही. अकरा वर्षांची सवय. बघा, केसाने गळा कापून घेतला तरी अहो-जाहोच करतेय मी.

मला वाटत होतं, बाळ्याने चोरली असतील पत्रं. खरंच वाटत होतं! अठ्ठावीसला कोर्टात त्याच्या वकिलांनी फाइल वर काढली तरी मी मनात म्हणत होते, ताईंच्या कपाटातून ह्याने लांबवली असणार, बिचाऱ्या ताईंना पत्ता नसेल. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली. पाठीला कापडी पट्टी, पाच टाक्यांची शिवण, गाठ आतल्या बाजूला. पानांना नंबर घातलेले. माझी तीन पत्रं तुम्ही शिवून दिलीत ताई. एक पान सुटू नये म्हणून शिवून दिलीत.

तुम्ही मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसला होतात. मी वळून बघितलं, तुम्ही बघितलं नाहीत.

आधी त्याच्या वकिलांनी माझा विनोद वाचला. "कुणी फुकट मागितली तर देऊन टाकीन ही पोरगी, वर एक कवळी भेट." सपाट आवाजात, लाइटबिल वाचावं तसं. जजसाहेबांनी विचारलं, अक्षर तुमचं? मी म्हटलं, हो, पण ते हसत लिहिलंय. ते म्हणाले, "हसणं कागदावर उमटत नाही, बाई." मग वकिलांनी बाक वाचला. "मला बरं वाटत होतं" हे त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा काढून. गोळ्यांचं वाचलं, आणि म्हणाले, मनाचा आजार नवऱ्यापासून लपवला, शक्तीच्या गोळ्या म्हणून खोटं सांगितलं, उद्या पोरीपासून काय लपवेल? मध्यस्थबाईंनी माझा हात धरला होता ते मात्र वाचलं नाही. तिथे ते पाणी प्यायला थांबले.

माझ्या वकीलबाई उठल्या, म्हणाल्या, हे मध्यस्थीतलं बोलणं आहे, गोपनीय आहे. जजसाहेब म्हणाले, मध्यस्थीत बोललेलं गोपनीय. नणंदेला लिहिलेलं नाही. संपलं. बाहेर आल्यावर वकीलबाई माझ्यावर ओरडल्या, "लिहू नका म्हटलं होतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, "तुम्ही मेसेज लिहू नका म्हणालात." एवढी वेंधळी अशील त्यांना आयुष्यात मिळाली नसेल.

तुमचा भाऊ पूर्ण वेळ बुटांकडे बघत होता. त्याला हे माहीत नव्हतं, हे मला त्याच्या कानांवरून कळलं. लाल झाले होते. त्याने ऐकलं आणि तरी पोरगी घेतली.

निकाल लागेपर्यंत ती त्याच्याकडे. मला महिन्यातून दोन रविवार, तीन तास, कोर्टाच्या भेटीच्या खोलीत, अधिकारी बाईंसमोर. त्या खोलीत एक प्लॅस्टिकची घसरगुंडी आहे. आठ वर्षांची पोरगी घसरगुंडीवर बसत नाही हो.

तुमची कडीची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. वकीलबाईंनी खोदून खोदून विचारलं, नणंदेविरुद्ध काही आहे का तुमच्याकडे? मी नाही म्हटलं. पत्र माझ्याकडे आहे, तरी नाही म्हटलं. का म्हटलं, माझं मलाच कळत नाही. मूर्ख आहे म्हणूनच असेल.

का केलंत? एवढं एकच सांगा. तुम्ही माझ्या डोक्याला तेल लावलंत, मला न्हाऊ घातलंत. मी तुमचं काय घोडं मारलं होतं?

२० मे

दंतोपंत,

नाव बदलायचं नाही म्हटलं होतं, म्हणून तेच लिहिते.

विचारलंस म्हणून सांगते, आडपडदा कशाला? आत काय बोललीस ते पहिल्यांदा मी बाळ्याच्या सांगण्यावरून विचारलं. त्याच्या वकिलाला हवं होतं. पण दुसऱ्यांदा विचारलं ते माझं मी. आणि कडीची गोष्ट सांगितली ती खरी आहे. तुला बोलतं करायला सांगितली, पण खरी आहे. तू जे सांगशील ते पोटात ठेवायचं, असंच ठरवलं होतं मी. बाळ्याला सांगणार होते, काही नाही रे, बायकांचं रडगाणं.

मग तुझं पत्र आलं.

मला चार वेळा दिवस गेले आणि चारही वेळा रिकाम्या हाताने घरी आले. तुला माहीत आहे, तू दोनदा माझ्याजवळ होतीस. देवाने मला एक दिलं नाही. आणि तुला दिलं, धडधाकट, दुपट्यात गुंडाळून दिलं, ते तू बाकावर ठेवून निघालीस, आणि तुला बरं वाटलं. हात हलके झाले म्हणे! त्या ओळीवर मी तीन दिवस बसले होते. माझे हात पहिल्यांदा हलके झाले त्याला सतरा वर्षं झाली ग. मला नाही कधी बरं वाटलं. तू आजार म्हणतेस, असेल आजार. मला नाही तो माफ करता येत. चौथ्या दिवशी दुकान उघडलं आणि पहिलं काम तुझ्या पत्रांचं केलं. काम केलं की नीट करावं, अशी सवय आहे मला.

दुकान विकायला काढलंय. मी आता इथेच, बाळ्याकडे. तो दिवसभर गाडीवर असतो, पोरीकडे बघायला कुणी हवं ना? शाळेच्या फॉर्मवर एकमध्ये त्याचा नंबर घातला आणि दोनमध्ये माझा. तिसरा चौकोन नसतो त्यात. पोहणं बंद केलं, सारखी सर्दी व्हायची. चष्मा मात्र करून आणला, नंबर बराच निघाला. तू आधीच नेलं असतंस तर बरं झालं असतं.

तुझे दोन रविवार मी चुकवू देणार नाही. मी काही कसाई नाही. पोरीला वेळेवर आणून सोडत जाईन.

आता एक सांगायचं राहिलं. परवा ती सारखी विचारत होती, आई घरी का येत नाही, आई घरी का येत नाही. बाळ्या उठून बाहेर गेला, लहानपणापासून तसाच. मग मीच जवळ घेऊन सांगितलं. बाकाचं सांगितलं, कोपऱ्याचं सांगितलं. लेकराशी खोटं बोलू नये असं तूच म्हणायचीस ना? मला वाटलं रडेल. रडली नाही. बराच वेळ नव्या चष्म्याच्या काड्यांची उघडझाप करत बसली. मग तिने मला एक विचारलं. म्हटलं, आईलाच विचार. तिने चिठ्ठी लिहिलीय, ती सोबत जोडते. उत्तर माझ्या नावाने इथेच पाठव, मी तिला वाचून दाखवीन.

ताई

"आई, आत्याने सांगितलं तू मला बस स्टॉपवर ठेवून गेलीस. कोपऱ्यापर्यंत गेलीस. मग परत का आलीस? मी रडत होते म्हणून का ती आजी ओरडली म्हणून? का तुलाच यायचं होतं? लवकर लिही. मी रविवारी नाही विचारणार कारण तिथे त्या बाई लिहून घेतात. खारू."

२ जून

चि. खारू हिला,

हे पत्र आत्याच्या नावाने पाठवत आहे. ते माझ्या वकीलबाईंनी तपासलं आहे आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवली आहे. आधी लिहिलेली चार पत्रं त्यांनी पाठवू दिली नाहीत.

तुझी चिठ्ठी मिळाली. मी बरी आहे. तू नीट जेव, अभ्यास कर. बाबा आणि आत्या सांगतील ते ऐक. वर्गात चष्मा काढून ठेवू नकोस. पुढची भेट चौदा तारखेला अकरा वाजता आहे.

तू विचारलेला प्रश्न कोर्टासमोर चालू असलेल्या प्रकरणातला आहे. कोर्टाची पुढची तारीख नऊ सप्टेंबर आहे. तोपर्यंत त्याचं उत्तर मला देता येणार नाही.

आई